मलेरियाचा नेस्टेड पीसीआर: रक्ताच्या ठिपक्यापासून जेलपर्यंत, क्रम कसा लावायचा आणि चुकतं कुठे

पीसीआर म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा मशीनमध्ये अनेक पटींनी वाढवणं; नेस्टेड पीसीआरमध्ये हे दोन फेऱ्यांत करतात. तो लावणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोनच असतात. एक, कशातच बँड नाही, म्हणजे जेलवर वाढलेल्या डीएनएची पट्टी दिसत नाही. दोन, सगळ्यात बँड आहे, अगदी पाण्यातसुद्धा. पहिल्या तक्रारीनंतर लोक अनीलिंगचं तापमान (ज्याला प्रायमर, म्हणजे वाढीची सुरुवात करणारे डीएनएचे छोटे तुकडे, चिकटतात) बदलत बसतात, दुसरीनंतर नवं एन्झाइम मागवतात. खरं तर दोन्ही वेळा गडबड बहुधा मशीनच्या बाहेरच झालेली असते. ठिपका अर्धवट ओला असताना पाकीट बंद केलेलं असतं, चेलेक्सचे (अर्क काढायला वापरतात त्या रेझिनचे) मणी टिपमध्ये ओढले गेलेले असतात, किंवा पहिल्या फेरीच्या नळ्या जिथे मास्टर मिक्स (नमुना सोडून पीसीआरचे सगळे घटक एकत्र केलेलं मिश्रण) बनतं त्याच टेबलावर उघडलेल्या असतात.

इथे १९९३ साली प्रसिद्ध झालेली, स्नूनू यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत धरली आहे. परजीवीच्या १८एस रायबोसोमल आरएनएचं जनुक दोन फेऱ्यांत वाढवायचं, पहिल्या फेरीत कुठल्याही प्लास्मोडियमचं (मलेरियाच्या परजीवीचं) आणि दुसरीत प्रत्येक प्रजातीचं वेगवेगळं. नमुना म्हणजे फिल्टर पेपरवर वाळवलेला रक्ताचा ठिपका. किट वापरून डीएनए काढत असाल तर चौथा टप्पा बदलेल, बाकी सगळं तसंच लागू आहे.

## टप्पा १: पिपेट उचलण्याआधी हिशेब

आपल्या नळीत नेमकं किती रक्त जातंय, हे विचारलं की बरेच जण गप्प होतात. ते वहीत मांडून ठेवा.

जाड फिल्टर पेपरवरच्या ठिपक्यातून ३ मिलिमीटर व्यासाची चकती पाडली तर तिच्यात सुमारे ३ मायक्रोलिटर रक्त असतं. अशा तीन चकत्या म्हणजे ९ मायक्रोलिटर. त्यातून १५० मायक्रोलिटर अर्क काढला आणि त्यातला ५ मायक्रोलिटर पहिल्या फेरीत घातला, तर नळीत पोचलेलं रक्त फक्त ०.३ मायक्रोलिटर.

आता परजीवी मोजा. दर मायक्रोलिटर रक्तात १०० परजीवी असतील तर नळीत सरासरी ३० जीनोम येतात, काळजी नाही. १० असतील तर ३ येतात, आणि एकही न येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. १ असेल तर सरासरी ०.३, म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन नळ्यांत परजीवीचा जीनोमच नसेल. जे नळीत नाही ते पीसीआर वाढवणार तरी कसं? म्हणून कमी घनतेच्या नमुन्यात ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ ‘एवढ्या रक्तात सापडला नाही’ इतकाच घ्यायचा. जास्त खात्री हवी असेल तर चकत्या वाढवा, अर्काचं आकारमान कमी करा, किंवा एकाच अर्काच्या दोन-तीन नळ्या लावा. फेऱ्यांमधली सायकल वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

दुसरा हिशेब अर्कातल्या डीएनएचा. फाल्सिपेरम या प्रजातीचा जीनोम सुमारे २.३ कोटी बेस जोड्यांचा, आणि रक्तातला परजीवी एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेला) असतो. एका परजीवीत साधारण ०.०२५ पिकोग्रॅम डीएनए. माणसाच्या एका पांढऱ्या पेशीत मात्र सुमारे ६.६ पिकोग्रॅम. एक मायक्रोलिटर रक्तात हजार परजीवी आणि सात हजार पांढऱ्या पेशी धरल्या, तरी माणसाचा डीएनए परजीवीच्या सुमारे १,८०० पट भरतो. म्हणजे अर्काचं प्रमाण मोजून ‘डीएनए भरपूर आहे’ असं म्हणता, तेव्हा तुम्ही रुग्णाच्या पांढऱ्या पेशी मोजत असता. त्या आकड्यावरून परजीवीबद्दल काहीही ठरवू नका.

## टप्पा २: तीन जागा, एकच दिशा

जागा तीन लागतात. स्वच्छ जागा, जिथे फक्त मास्टर मिक्स बनतं आणि डीएनए कधीच येत नाही. नमुन्याची जागा, जिथे चकत्या पाडतात, अर्क काढतात आणि नळीत घालतात. तिसरी वाढवलेल्या डीएनएची जागा, जिथे पीसीआरनंतरच्या नळ्या उघडतात आणि जेल चालवतात. तीन खोल्या असल्या तर उत्तमच. नसतील तर लांब-लांबची तीन टेबलं चालतील, पण मग काळवेळ पाळा: मास्टर मिक्स सकाळी सगळ्यात आधी, जेल दिवसाच्या शेवटी. जेलच्या खोलीत जाऊन आल्यावर त्या दिवशी पुन्हा मास्टर मिक्सला हात लावायचा नाही.

एवढी कडक शिस्त कशासाठी, हे आकड्यांतच बघा. दुसऱ्या फेरीनंतर फाल्सिपेरमचा २०५ बेस जोड्यांचा तुकडा मायक्रोलिटरला २० नॅनोग्रॅम इतका तयार झाला, तर त्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ९,००० कोटी प्रती असतात. झाकण उघडताना उडालेला डोळ्याला न दिसणारा तुषार एक पिकोलिटरचा धरला, तरी त्यात ९०,००० प्रती आल्या. आणि आपण शोधतोय तीन जीनोम.

प्रत्येक जागेला स्वतःचं पिपेट, फिल्टरवाल्या टिपा, स्वतःचा कोट, स्वतःचा मार्कर. लोक पिपेट वेगळं ठेवतात आणि रॅक विसरतात. आमच्याकडे एकदा सलग तीन आठवडे पाण्याच्या नळीत फाल्सिपेरम येत होता. प्रायमर बदलले, पाणी बदललं, एन्झाइम बदललं. शेवटी लक्षात आलं की जेलच्या टेबलावरचे रिकामे रॅक कोणीतरी रोज संध्याकाळी धुऊन स्वच्छ खोलीत नेऊन ठेवत होतं. अगदी मनापासून, नीटनेटकेपणाच्या हौसेने.

सावधान: ७० टक्के अल्कोहोलने टेबल पुसलं की जंतू मरतात, डीएनए नष्ट होत नाही. त्यासाठी त्याच दिवशी पातळ केलेलं, सुमारे ०.५ टक्के हायपोक्लोराइटचं द्रावण लागतं. ते दहा मिनिटं राहू द्या, मग पाण्याने पुसा. अतिनील दिव्यावर एकट्यावर विसंबू नका. लहान तुकडे आणि वाळलेले थेंब त्याला दाद देत नाहीत, आणि सावलीत तर त्याचा उपयोगच नाही. किटमधल्या ग्वानिडीनच्या द्रावणांवर ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू तयार होतात.

प्रायमर, डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक), बफर आणि पाणी पहिल्याच दिवशी छोट्या-छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. दूषित होईल ती नळी फेकायची. मूळ बाटलीच दूषित झाली तर महिन्याचं काम जातं.

## टप्पा ३: ठिपका

रक्त शिरेतून घेतलं असेल तर नळी ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) हवी. हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते पीसीआर अडवतं आणि अर्क काढतानाही सहजासहजी सुटत नाही. बोटातून घेताना थेंब स्वतःहून कागदावर पडू द्या. बोट कागदावर दाबून घासलं की ठिपका असमान होतो, आणि मग ‘एका चकतीत ३ मायक्रोलिटर’ हा सगळा हिशेब कोसळतो. थेंबावर थेंब टाकू नका. ठिपका कागदाच्या दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे.

वाळवणं मात्र घाईने उरकू नका. खोलीच्या तापमानाला, उन्हापासून लांब, आडवं ठेवून किमान चार तास. हवा दमट असेल तर रात्रभर. मग प्रत्येक कार्ड स्वतंत्र पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह. ओलसर ठिपका पाकिटात गेला की बुरशी आणि जिवाणू डीएनए खातात. वर्षभर जपून ठेवलेले नमुने असे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

तपासा: पाकिटातल्या सिलिकाच्या मण्यांचा रंग बदलला आहे का? बदलला असेल तर पुडी आत्ताच बदला. ठिपका लालसर-तपकिरी आणि कोरडा आहे ना?

## टप्पा ४: चकती पाडणं आणि अर्क काढणं

इथून पुढे हातमोजे बदलण्यात कंजुषी नको. पंचने चकती पाडल्यावर पुढच्या नमुन्याआधी कोऱ्या कागदावर तीन-चार वेळा पंच मारा. दर दहा-बारा नमुन्यांनंतर अशी एक कोरी चकती वेगळ्या नळीत घेऊन तिलाही नमुना समजून शेवटपर्यंत न्या. हा अर्काचा निगेटिव्ह. पाण्याची नळी पंचमधून होणारी सरमिसळ कधीच पकडू शकत नाही, ती ही कोरी चकती पकडते. ज्यांच्या वहीत ही नळी नाही त्यांचा निकाल मी अर्धा धरतो.

सॅपोनिन-चेलेक्स पद्धतीचा क्रम असा:

१. चकत्या १.५ मिलिलिटरच्या नळीत घाला. त्यावर ०.५ टक्के सॅपोनिन घातलेलं पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण) १ मिलिलिटर ओता. नळी उलटी-सुलटी करा आणि ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. सॅपोनिन लाल पेशी फोडतं, हिमोग्लोबिन बाहेर येतं आणि परजीवी कागदात अडकून राहतो.

२. दुसऱ्या दिवशी तपकिरी द्रव काढून टाका. नुसतं पीबीएस १ मिलिलिटर घालून ४ अंशांना अर्धा तास ठेवा आणि तेही काढून टाका. द्रव अजून तांबूस असेल तर आणखी एकदा धुवा. हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) पीसीआरचा पक्का शत्रू आहे, आणि ‘कशातच बँड नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हीच राहून गेलेली धुलाई असते.

३. शेवटचा पीबीएसचा थेंबसुद्धा टिपने ओढून घ्या. मग निर्जंतुक पाण्यातलं ५ टक्के चेलेक्स, आधी १०० अंशांपर्यंत तापवलेलं, १५० मायक्रोलिटर घाला. चेलेक्सचे मणी तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी ओढण्याआधी बाटली ढवळा आणि रुंद तोंडाची टिप वापरा. नाहीतर पहिल्या नळीत नुसतं पाणी आणि शेवटच्या नळीत नुसते मणी जातात.

४. १०० अंशांना १० मिनिटं. मध्ये दोनदा व्हॉर्टेक्स करा (मशीनवर जोरात हलवा). झाकणं उडू नयेत म्हणून वरून पकड लावा.

५. १०,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट वेगाच्या जोराला) २ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा स्वच्छ द्रव नव्या नळीत घ्या. सगळाच घ्यायचा हट्ट नको, तळाचा २०-३० मायक्रोलिटर राहिला तरी चालेल.

सावधान: चेलेक्सचा एखादा मणी जरी पीसीआरच्या नळीत गेला तरी तो मॅग्नेशियम पकडून ठेवतो आणि एन्झाइम उपाशी राहतं. अर्क फ्रीझरमधून काढून वितळवला की प्रत्येक वेळी पुन्हा सेंट्रिफ्यूज करा, मगच टिप घाला. ही अर्ध्या मिनिटाची पायरी फार लोक गाळतात.

उकळल्यामुळे हा डीएनए एकसरी झालेला असतो. त्यामुळे दुहेरी सरीचा डीएनए मोजणारे फ्लुरोसंट रंग इथे कमी आकडा दाखवतात, त्याने घाबरू नका. हा अर्क फार टिकाऊही नसतो. उणे २० अंशांना ठेवा, दोन-तीन वाटणीच्या नळ्या करा आणि शक्यतो लवकर वापरा.

## टप्पा ५: पहिली फेरी

मास्टर मिक्स स्वच्छ जागेत, बर्फावर. नळ्या मोजताना नमुने, अर्काचे निगेटिव्ह, पाण्याचा निगेटिव्ह (डीएनएऐवजी पाणी) आणि पॉझिटिव्ह (परजीवी असल्याचं माहीत असलेला नमुना) धरा, वर १० टक्के जास्तीचं घ्या.

२५ मायक्रोलिटरच्या नळीत प्रायमर आरप्लू-५ आणि आरप्लू-६ प्रत्येकी २५० नॅनोमोलर, प्रत्येक डीएनटीपी १२५ मायक्रोमोलर, मॅग्नेशियम एकूण २ मिलिमोलर, टॅक (डीएनए वाढवणारं एन्झाइम) अर्धं युनिट. ‘एकूण’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. बऱ्याच बफरमध्ये मॅग्नेशियम आधीच १.५ मिलिमोलर इतकं असतं. बाटलीवरचं लेबल न वाचता वरून आणखी २ घातलं की ३.५ होतं, आणि नको ते बँड दिसायला लागतात.

मिक्स वाटून झाकणं लावा, मगच नमुन्याच्या जागी या. अर्क ५ मायक्रोलिटर. घालण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी नमुने, मध्ये-मध्ये अर्काचे निगेटिव्ह, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी पॉझिटिव्ह. पाण्याची नळी तोवर उघडी ठेवा. नमुने घालताना हवेत जे उडालं ते तिच्यात पडू दे. आधीच झाकण लावून बाजूला ठेवलेली पाण्याची नळी नेहमीच निगेटिव्ह येते आणि काहीच सांगत नाही.

पॉझिटिव्ह कसा निवडायचा? लोक भरगच्च परजीवी असलेला नमुना घेतात, बँड झगझगीत येतो, सगळे खूश. पण त्या बँडने फक्त मशीन चालू होतं एवढंच कळलं. आपल्याला मर्यादेजवळची नळी हवी, म्हणजे माहीत असलेल्या घनतेचा, दर मायक्रोलिटरला १०-२० परजीवी इतका पातळ केलेला आणि नमुन्यांसारखाच कागदावरून काढलेला. शिवाय भरगच्च पॉझिटिव्ह हा प्रयोगशाळेतला सर्वांत मोठा प्रदूषणाचा साठा असतो. तो तिथे नसलेलाच बरा.

सायकल: ९५ अंशांना ५ मिनिटं; मग ९४ अंशांना १ मिनिट, ५८ अंशांना २ मिनिटं, ७२ अंशांना २ मिनिटं, अशा २५ सायकली; शेवटी ७२ अंशांना ५ मिनिटं. २५ पुरतात. पस्तीस लावल्या तर संवेदनशीलता फारशी वाढत नाही, पुढच्या टप्प्यातला धोका मात्र वाढतो.

## टप्पा ६: पहिल्या फेरीतून दुसरीत

सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा वेळ हाच. नेस्टेड पद्धतीत वाढवलेला डीएनए असलेली नळी उघडून त्यातलं थोडं ताज्या मिक्समध्ये घालावं लागतं, म्हणजे आपण हाताने, ठरवून प्रदूषण करत असतो, फक्त योग्य नळीत.

दुसऱ्या फेरीचं मिक्स स्वच्छ जागी बनवून, वाटून, झाकणं लावून आणा. पहिल्या फेरीच्या नळ्या उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, झाकणाला चिकटलेले थेंब खाली बसतील. एका वेळी एकच नळी उघडा. पट्टीतली आठही झाकणं एका झटक्यात उघडायची सवय असेल तर ती इथे सोडा. सुट्या झाकणांच्या नळ्या घ्या. १ मायक्रोलिटर उचला, नव्या नळीत सोडा, दोन्ही झाकणं बंद करा, टिप टाकून द्या, मग पुढची.

इथे निगेटिव्ह दोन प्रकारचे लागतात. पहिल्या फेरीतल्या प्रत्येक निगेटिव्हमधून १ मायक्रोलिटर पुढे न्यायचा. शिवाय दुसऱ्या फेरीसाठी ताज्या पाण्याची वेगळी नळी. दोन्हींचं काम वेगळं आहे: पहिली लागली (तिच्यात बँड आला) आणि दुसरी स्वच्छ राहिली, तर गडबड अर्कात किंवा पहिल्या फेरीत. दोन्ही लागल्या तर दुसऱ्या फेरीच्या मिक्समध्ये किंवा या टेबलावर. फक्त ताजं पाणी लागलं तर बहुधा हात चुकला. ही एवढी माहिती दोन नळ्यांत मिळते, तरी लोक एक नळी वाचवतात.

## टप्पा ७: दुसरी फेरी

२० मायक्रोलिटरची नळी, प्रायमर आणि क्षारांचं प्रमाण तेच, तापमानं आणि वेळा त्याच, सायकली ३०. प्रत्येक जोडी वेगळ्या नळीत. आधी फक्त सर्वसाधारण प्लास्मोडियमची जोडी लावायची आणि लागलेल्यांवरच प्रजातींच्या जोड्या, असं केलं तर नळ्या खूप वाचतात. मी मोठ्या संख्येच्या कामात तसंच करतो. नमुने थोडे आणि घनता कमी असेल तर मात्र सगळ्या जोड्या एकदमच लावाव्यात, कारण अगदी मर्यादेवर एक जोडी चुकते आणि दुसरी पकडते.

ओव्हले प्रजातीचा तुकडा सर्वांत मोठा, सुमारे ८०० बेस जोड्यांचा. बाकीचे लहान आहेत म्हणून एक्स्टेंशन (७२ अंशांचा, सरी वाढवण्याचा टप्पा) अर्ध्या मिनिटावर आणलं की ओव्हले हळूच गायब होतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

## टप्पा ८: जेल

अपेक्षित आकार (बेस जोड्यांत) समोर चिकटवून ठेवा: सर्वसाधारण प्लास्मोडियम सुमारे २४०, फाल्सिपेरम २०५, मलेरी १४४, व्हायव्हॅक्स १२०, ओव्हले सुमारे ८००.

मलेरी आणि व्हायव्हॅक्समध्ये अंतर फक्त २४ बेस जोड्यांचं. १.५ टक्क्यांच्या ॲगरोज जेलवर ते दोन्ही एकाच उंचीवर दिसतात. २.५ ते ३ टक्के घ्या, ५० बेस जोड्यांचा लॅडर (माहीत आकाराच्या तुकड्यांची मोजपट्टी) वापरा आणि जेल सावकाश, पुरेसं लांब चालवा. १००च्या लॅडरवर अंदाजाने आकार सांगू नका. तळाशी दिसणारी ४०-६०ची धूसर पट्टी म्हणजे प्रायमर-डायमर, एकमेकांना चिकटलेले प्रायमर. घाईने थांबवलेल्या जेलवर तीच व्हायव्हॅक्स म्हणून नोंदली जाते.

तपासा: प्रत्येक प्रजातीचा पॉझिटिव्ह त्याच जेलवर, त्याच ओळीत आहे ना? दुसऱ्या जेलवरच्या बँडशी उंची जुळवणं म्हणजे निव्वळ अंदाज.

## टप्पा ९: वाचन, आणि तेही क्रमाने

फोटो समोर आला की डोळे आधी नमुन्यांकडे जातात. ती सवय मोडा. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, मग नमुने. एकही निगेटिव्ह लागला असेल तर नमुन्यांकडे पाहूच नका. एकदा पाहिलं की ‘बँड फिकाच आहे, चालेल’ असं मन आपोआप म्हणायला लागतं.

सगळं निगेटिव्ह असेल तर अर्कात अडथळा आहे का, हे आधी ठरवा. त्याच अर्कावर माणसाचं एखादं जनुक, उदाहरणार्थ बीटा-ग्लोबिन, लावून बघा. तेही आलं नाही तर परजीवी नाही असं म्हणता येत नाही. अर्क दहा पट पातळ करून पुन्हा लावा. पातळ केल्यावर बँड आला तर दोष हीमचा किंवा चेलेक्सचा.

सर्वसाधारण प्लास्मोडियम लागला, पण एकही प्रजाती लागली नाही? अशी नळी फेकू नका. मलेशियातल्या सारावाकमधल्या कपित भागात सूक्ष्मदर्शकाखाली मलेरी दिसत होता, पण मलेरीची जोडी काही केल्या लागत नव्हती. त्या न जुळणाऱ्या नळ्यांचा पाठपुरावा झाला म्हणून माकडांमधला नोलेसी हा परजीवी माणसांत मोठ्या प्रमाणावर आढळतो हे २००४ मध्ये पुढे आलं. आजही असा निकाल आला की तीन शक्यता तपासा: घनता फार कमी आहे, ओव्हलेचा वेगळा प्रकार आहे (जुनी आरओव्हा जोडी काही प्रकार चुकवते, आणि २०१० पासून ओव्हले म्हणजे कर्टिसी आणि वॉलिकेरी अशा दोन प्रजाती मानल्या जातात), किंवा नोलेसी. नोलेसीसाठीची पहिली प्रायमर जोडी कधीकधी व्हायव्हॅक्सलाही लागते, म्हणून तिच्या निकालावर सिक्वेन्सिंगने (डीएनएचा क्रम वाचून) शिक्कामोर्तब करा.

मिश्र संसर्गात एक प्रजाती हजार पट जास्त असेल तर पहिल्या फेरीतले सगळे प्रायमर तीच खाते आणि दुसरी दबते. ‘फक्त फाल्सिपेरम’ हा निकाल त्यामुळे थोडा सैल धरावा.

बँडच्या जाडीवरून परजीवींची संख्या सांगू नका, दोन फेऱ्यांनंतर सगळेच बँड सारखे जाड होतात. आणि उपचारांनंतर काही दिवस, कधी त्याहून जास्त काळ, मेलेल्या परजीवीचा आणि गॅमेटोसाइटचा (परजीवीच्या लैंगिक अवस्थेचा) डीएनए रक्तात राहतो. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं लिहिणं चूक आहे.

## टप्पा १०: याच अर्कावर पुढची जनुकं लावणार असाल तर

१८एसच्या एकाहून जास्त प्रती असतात आणि इतर जनुकांच्या मानाने त्यात एटी (ए आणि टी हे बेस) कमी असतं, म्हणून ७२ अंश चालून जातात. बाकीच्या जनुकांना हेच तापमान लावलं की घोटाळा होतो. फाल्सिपेरमच्या जीनोममध्ये सुमारे ८० टक्के ए आणि टी आहे, आणि जनुकांमधल्या जागांत त्याहून जास्त. ७२ अंशांना अशी सरी टिकत नाही. एक्स्टेंशन ६० ते ६५ अंशांवर आणा आणि वेळ वाढवा. ‘प्रायमर खराब आहेत’ म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी जोड्या एवढ्याने चालू लागतात.

क्लोरोक्विनच्या प्रतिकारासाठी सीआरटी जनुकाचं ७६वं स्थान ॲपो-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने तपासतात. मूळ प्रकारात हे एन्झाइम कापतं, बदललेल्या प्रकारात कापत नाही. सापळा इथेच आहे: एन्झाइम कमजोर असेल, तापमान चुकलं असेल किंवा पीसीआरचे क्षार जास्त असतील, तर न कापलेला मूळ परजीवीसुद्धा प्रतिरोधक दिसतो. मूळ ॲपो-वनला ५० अंश लागतात, त्याची सुधारित आवृत्ती ३७ अंशांना चालते, बाटली वाचा. प्रत्येक वेळी ३डी७ या प्रयोगशाळेतल्या, मूळ प्रकाराच्या स्ट्रेनचा तुकडा सोबत कापायला ठेवा. तो पूर्ण कापला गेला नसेल तर त्या दिवशीचा एकही ‘प्रतिरोधक’ निकाल ग्राह्य नाही. डीडी२ हा प्रतिरोधक स्ट्रेन न कापता राहिलाच पाहिजे. कापलेला आणि न कापलेला असे दोन्ही बँड एकाच नमुन्यात दिसले तर मिश्र संसर्ग लिहिण्याआधी एन्झाइम वाढवून पुन्हा कापा.

एचआरपी-२ (बऱ्याच रॅपिड टेस्ट जे प्रथिन ओळखतात त्याचं) जनुक गळाल्याचा दावा करताना याहून जास्त सांभाळा. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातून २०१० मध्ये असे परजीवी नोंदवले गेले, तेव्हापासून रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आणि पीसीआर पॉझिटिव्ह आला की लगेच ‘जनुक गळालं’ असं लिहायची घाई दिसते. पण इथे पुरावा म्हणजे बँड न येणं, आणि बँड न येण्याची कारणं आपण वर नऊ टप्पे पाहत आलो. १८एस नेस्टेड लागला म्हणजे अर्क चांगला आहे असं होत नाही. त्याच्या प्रती जास्त आणि फेऱ्या दोन. त्याच अर्कावर एकच प्रत असलेलं जनुक, जसं एमएसपी-१ किंवा एमएसपी-२, आधी लागायला हवं, आणि एचआरपी-२ निदान दोनदा लागता कामा नये. उलट बाजूही आहे: रक्तात दोन क्लोन (जनुकीयदृष्ट्या वेगळे परजीवींचे गट) असतील आणि एकात जनुक शाबूत असेल, तर बँड येतो आणि गळालेला क्लोन लपून जातो.

नोंदवहीत प्रत्येक धावेसाठी चकत्यांची संख्या, अर्काचं आकारमान, वाटणीच्या नळ्यांचे क्रमांक, नळ्या घालण्याचा क्रम आणि निगेटिव्हचा फोटो ठेवा, निकाल चांगला आला तरीही. आणि कार्डावर निदान एक अख्खा ठिपका शिल्लक ठेवा. वाद निर्माण झाला की अर्क पुन्हा तपासून भागत नाही, कारण अर्कच दूषित असू शकतो. नवी चकती पाडून, दुसऱ्या माणसाच्या हातून, पहिल्या टप्प्यापासून लावावं लागतं.